आधी कोणतं पुस्तक? हातातली तीन आणि पुढची काही

नगरहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. दहा-बारा वर्षं त्या चर्चच्या मासिकात लिहितात. तीन पुस्तकांची टिपणं त्यांच्याकडे पडून आहेत : गावोगाव फिरून बायकांना बायबल शिकवणाऱ्या आजीचं चरित्र, ना. वा. टिळकांच्या भजनांचा अभ्यास आणि एक कादंबरी. त्यांनी विचारलंय, ‘सर, तुमच्या हातात सध्या काय काय आहे? पुढे काय लिहायचं ठरवलंय? आणि आधी कोणतं, नंतर कोणतं, हे तुम्ही ठरवता कसं?’

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. ज्या पुस्तकाचं साधन आधी नाहीसं होणार, ते पुस्तक आधी. आवड, विषयाचं मोठेपण, प्रकाशकाची घाई हे सगळं त्यानंतर.

हे मला फार उशिरा कळलं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या गावात एक आजीबाई होत्या. वसईकडच्या आमच्या सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी त्यांना चाळीसच्या वर पाठ होती. त्यांनी मला दोनदा निरोप धाडला, ‘मास्तर, येऊन लिहून घ्या.’ मी तेव्हा फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’वरच्या टिपणांत गढलो होतो. म्हटलं, पाऊस सरला की जातो. त्या ऑगस्टमध्येच गेल्या. मातीला गेलो तेव्हा त्यांची लेक म्हणाली, ‘आई विचारत होती, मास्तर कधी येणार?’ लेकीला काही गाण्यांच्या पहिल्या ओळी आठवतात, पुढचं नाही. ‘ख्रिस्तपुराण’ चारशे वर्षं टिकलं आहे, ते आणखी एक पावसाळा सहज थांबलं असतं. ती माउली थांबू शकत नव्हती.

म्हणून आज माझ्या टेबलावर सगळ्यात वर जे पुस्तक आहे, ते आमच्या पाण्याचं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखलं आहेत. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहतात. समुद्र इतका जवळ असूनही केळीला, पानवेलीला, फुलांना गोडं पाणी मिळत आलं, ते यांच्यामुळे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली गेली. बावखल बुजलं की त्याच्याभोवतीचे शब्दही जातात. रहाटाच्या प्रत्येक भागाला नाव होतं, पाटाचं पाणी वळवायच्या प्रत्येक रीतीला नाव होतं, पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणांना आणि समेटांनाही नावं होती. ती सांगणारी माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत.

ख्रिस्ती लेखकाने हे कशाला लिहायचं, असं मला आमच्याच लोकांनी विचारलं आहे. मला तर हे श्रद्धेबाहेरचं वाटतच नाही. आमच्याकडे आगेराच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात, त्यांच्यावर आशीर्वाद मागतात आणि घरोघर नेतात. ज्या पाण्यावर ते भात पिकलं, त्याचा हिशेब ठेवणं हे त्या आशीर्वादाचंच पुढचं काम आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावरही उतरले. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांना त्यांच्या कामाची ओळख झाली. आम्ही वसईकरांनी मात्र ही तिन्ही कामं एकाच माणसात एकत्र नांदताना आधीपासून पाहिली होती. माझ्या पाण्याच्या पुस्तकाचं बळ तिथून आलं आहे.

या पुस्तकासाठी आजवर अडतीस मुलाखती झाल्या, त्यातल्या एकवीस कागदावर उतरल्या. तुम्ही आजीच्या चरित्राला हात घालणार असाल तर हा हिशेब लक्षात ठेवा : तासभराचं बोलणं अक्षरशः उतरवायला मला सहा-सात तास लागतात. म्हणून पुढची मुलाखत घेण्याआधी मागची उतरवलेली असावी, असा नियम मी केला आणि तो तीनदा मोडला. मोडला तेव्हा प्रत्येक वेळी असा एखादा शब्द हातातून गेला, जो सांगणाऱ्याला पुन्हा विचारायला हवा होता. ध्वनिमुद्रण सुरू केलं की पहिल्या मिनिटातच तारीख, गाव आणि ‘हे छापलं तर चालेल ना?’ हा प्रश्न नि त्याचं उत्तर येऊ द्या. प्रती दोन ठेवा, एक घरी आणि एक घराबाहेर. आणि माणूस बोलताना थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. माझ्या सगळ्यात चांगल्या आठवणी अशा गप्प बसण्यानंतरच आल्या आहेत.

दुसरं पुस्तक ‘ख्रिस्तपुराणा’चं. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलेलं काम आहे आणि ते लांबलं याचं मला दुःख नाही.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला, तेव्हा तिशीचा होता. त्याचं पुराण १६१६ मध्ये रायतूर इथे छापलं गेलं. मधली सदतीस वर्षं तो मुख्यतः गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत राहिला, लोकांत वावरला, कोकणी आणि मराठी शिकला. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळवलेल्या छंदात. छपाईचे देवनागरी खिळे नसल्यामुळे मराठी ओवी रोमन लिपीत छापावी लागली. तीन आवृत्त्या निघाल्या असं सांगतात, पण त्या काळची छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून. मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी तो पुन्हा छापला, त्यानंतर देवनागरी हस्तलिखित लंडनला सापडलं आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली.

‘हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीच्या थोरवीची ओवी शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असते. पण पुष्कळांचं ‘ख्रिस्तपुराण’ तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला वाचकाला पहिल्याच ओवीपाशी थांबवायचं आहे : ‘ओं नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था’. ‘ओं नमो’ म्हटलं की मराठी कानाला ज्ञानेश्वरी ऐकू येते. आणि पुढच्याच चरणात ‘देवा बापा’. ‘बाप’ हा शब्द आपल्या संतांनी विठ्ठलासाठी वापरलेला, घरातला. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवातही त्याच नात्याने होते. परक्या भाषेतून आलेल्या माणसाला हा सांधा सापडला, यासाठी किती वर्षं कान देऊन ऐकावं लागलं असेल! माझ्या पुस्तकात अशा तीनशे ओव्या निवडल्या आहेत. प्रत्येकीखाली आजच्या मराठीत अर्थ आणि ज्या शब्दाशी थांबायला हवं त्याच्याबद्दल चार-सहा ओळी. पंडितांसाठी चांगल्या आवृत्त्या आहेत. रविवारी मिस्सा आटोपून घरी आलेल्या आणि आठवीत मराठी सोडलेल्या माणसाला ओवी मोठ्याने वाचता यावी, एवढाच माझा प्रयत्न आहे.

याच ग्रंथात तुमच्या प्रश्नाशी जोडलेला एक प्रसंग आहे. सुरुवातीलाच एक जण पाद्रीला विचारतो : तुम्ही आम्हाला जुनी पुराणं वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? त्या विचारण्यातून अकरा हजार ओव्या उभ्या राहतात. मी नवं पुस्तक हातात घेताना हे आठवतो. हे मला कुणी मागितलंय का? मागणारा एक जरी खरा माणूस डोळ्यांपुढे असला तरी चालतो. तो नसेल तर दोन प्रकरणांनंतर माझं लिखाण भाषणासारखं होऊ लागतं.

तिसरं पुस्तक चौसष्ट पानांचं आहे आणि ते सगळ्यात आधी छापून येईल. ते आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणायच्या प्रार्थनांचं आहे. पत्नीच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ सव्वीस रात्री बसलो. घरातलं प्रार्थनेचं पुस्तक बारीक टाइपातलं, वाक्यं लांबलचक. दमलेल्या माणसाला श्वास पुरत नाही, सोबतीच्या डोळ्यांवर झोप असते आणि खोलीत दिवा मंद असतो. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, ‘एवढं लांब नको, दोन ओळींचं म्हणा.’ त्या दोन-दोन ओळी मी औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मागे लिहीत गेलो. पुस्तक त्यांचंच आहे. सोळा पॉइंटचा टाइप, प्रत्येक पानावर एकच प्रार्थना, आणि काही पानं कोरी, घरच्यांनी आपलं लिहावं म्हणून. मजकूर धर्मप्रांताच्या कार्यालयात परवानगीसाठी दिला आहे, कारण कॅथलिक प्रथेत प्रार्थनापुस्तकाला आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला स्थानिक बिशपांची मान्यता लागते. इतर बहुतेक धार्मिक विषयांच्या पुस्तकांना ती घेतलेली बरी, पण बंधनकारक नाही. तुम्ही प्रोटेस्टंट, तेव्हा तुमच्याकडची रीत तुमच्या पाळकांना विचारा. विचाराच मात्र. मजकुरावर जाणत्या माणसाची नजर पडली की चुका छापण्याआधी सापडतात.

चुकांचं निघालं म्हणून सांगतो. माझं एक जुनं पुस्तक एका प्रकाशनाने छापलं. आमच्याकडे चर्चला ‘देऊळ’ म्हणतात, आजही. तिथल्या संपादकाने पुस्तकभर ‘देऊळ’चं ‘चर्च’ केलं आणि ‘मिस्सा’ची ‘प्रार्थनासभा’. मला शेवटचं मुद्रित (प्रूफ) दाखवलंच नाही. छापील पुस्तक उघडलं तर माझी आजी ‘चर्चमध्ये प्रार्थनासभेला’ निघालेली. ती आयुष्यात तसं कधी बोलली नव्हती. मला त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून हस्तलिखिताला एक शब्दपत्रक जोडतो : हे शब्द असेच राहतील, आणि का. तुम्हीही जोडा. आम्ही फादर म्हणतो, तुम्ही पाळक. आम्ही ख्रिस्तसभा म्हणतो, तुम्ही मंडळी. आमची मिस्सा, तुमची उपासना. यात एक बरोबर आणि दुसरं चूक असं काही नाही, पण आजीच्या तोंडी तिचाच शब्द हवा.

आणि इथेच माझी पुढची योजना सुरू होते. पाण्याचं पुस्तक हातावेगळं झालं की मराठी ख्रिस्ती शब्दांचा एक छोटा कोश करायचा आहे. गोव्याच्या पुराणातले शब्द, वसईच्या देवळातले, नगर-जालन्याकडच्या मंडळ्यांतले, कोल्हापूरकडचे. कोणता शब्द पोर्तुगिजांकडून आला, कोणता अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळात ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून रुळला, कोणता संतांकडून घेतला. १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ आणि १९०३ पासूनचं ‘निरोप्या’ मासिक चाळल्याशिवाय हे काम होणार नाही, आणि एकट्याने तर नाहीच. तुमच्या बाजूचे शब्द तुम्ही जमवाल का, हे विचारण्यासाठीही हे उत्तर लांबवतो आहे.

एक पुस्तक मी सोडून दिलं, तेही सांगायला हवं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. त्या काळात आमच्या एका ख्रिस्ती घरात काय झालं असेल, यावर कादंबरी लिहायची होती. सात प्रकरणं लिहिली. त्यासाठी पोर्तुगीज कागद मुळातून वाचायला हवेत आणि मला पोर्तुगीज येत नाही. अडुसष्टाव्या वर्षी ती भाषा शिकायला घेतली तर पाण्याच्या पुस्तकातली माणसं निघून जातील. प्रकरणं आणि टिपणं एका होतकरू लेखकाच्या हवाली केली. त्याला ती भाषा येते. देताना जड गेलं. त्यानंतर मात्र ते पुस्तक रात्री-बेरात्री माझ्याशी बोलायचं थांबलं.

अपुरं काम दुसऱ्याच्या हाती जाण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि ती तुमच्या नगरचीच. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. पुढचं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ज्यांना शाळा अशी लाभलीच नव्हती, त्यांनी नवऱ्याचं महाकाव्य हाती घेऊन पुढे नेलं. दुसरीकडे केडगावच्या पंडिता रमाबाई. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. त्यांच्या ‘मुक्ती मिशन’ या आश्रमाचा स्वतःचा छापखाना होता, त्यावर आश्रमातल्याच स्त्रिया काम करत. रमाबाई शेवटापर्यंत मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ त्यांच्या मागे बाहेर पडला. मी या दोन्ही कथा पुन:पुन्हा आठवतो. आपण रमाबाईंसारखे काम संपवून जाणार की टिळकांसारखे अर्ध्यावर, हे आपल्या हातात नाही. पण मागे राहणाऱ्याला वाट सापडावी इतकी टिपणं नीट ठेवणं आहे. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या खोक्यात वरच एक कागद ठेवला आहे : कुठवर आलंय, पुढे काय करायचं होतं, कुणाला विचारावं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो बदलतो.

आता तुमची तीन पुस्तकं. तुम्ही लिहिलंय की आजीची धाकटी बहीण हयात आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि दोघी काही वर्षं एकत्र गावोगाव हिंडल्या. मग क्रम ठरलाच आहे. येत्या सुट्टीत तिच्याकडे चार दिवस राहायला जा. ‘आजीबद्दल सांगा’ असं विचारू नका, त्याने माणूस गोंधळतो. पायात काय असायचं, पिशवीत काय असायचं, एका गावाहून दुसऱ्या गावाला कशा जात, कुणी दार उघडलं नाही तर कुठे बसत, कोणती गाणी म्हणत, हे विचारा. बाकीचं आपोआप येईल. आजीच्या हातचं बायबल घरात असेल तर त्याच्या कडेला काय लिहिलंय ते आधी मोबाइलवर टिपून घ्या. मंडळीची जुनी बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं पाळकांच्या परवानगीने पाहा. म्हाताऱ्या माणसांचा घटनांचा क्रम चुकतो, तो या नोंदींवरून लावता येतो.

टिळकांची भजनं थांबतील. ती ‘उपासना संगीत’ या तुमच्या मंडळ्यांच्या गीतपुस्तकात आहेत, लोकांच्या ओठांवर आहेत. मूळ लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपत असल्यामुळे टिळकांचे शब्द उद्धृत करायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. आजच्या बायबलमधली वचनं मोठ्या प्रमाणावर घेणार असाल तर मात्र बायबल सोसायटीला आधी पत्र लिहा. या अभ्यासातही एक भाग थांबणारा नाही : चाली. कोणतं भजन कोणत्या गावात कोणत्या चालीवर म्हणतात, हे छापील पुस्तकात नसतं. आजीच्या बहिणीकडे जाल तेव्हा तेही गाऊन घ्या. एका फेरीत दोन पुस्तकांचं साधन जमेल.

कादंबरीची टिपणं तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टंकली आहेत म्हणता. आजच युनिकोडमध्ये करून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा. माझ्या फायलींमध्ये रूपांतर करताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला ‘ऱ्य’ पार बिघडला होता आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते. एवढं झालं की ती फाइल बंद करा. कादंबरी तुमच्यातच आहे, ती कुठे जात नाही. आजीवर वर्षभर काम केल्यावर कादंबरीतली माणसं वेगळी बोलू लागलेली तुम्हाला दिसतील.

वेळेचंही विचारलंत. मी पहाटे पाच ते सात लिहितो. सोमवार ते गुरुवार पाणी, शुक्रवार-शनिवार ओव्या. रविवारी लिहीत नाही. तुमची शाळा आहे, घर आहे, रोज दोन तास मिळायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा पाऊण तास धरा, पण वार पक्के असू द्या आणि घरातल्यांना ते सांगून ठेवा. पुस्तक तयार झालं की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, तो सरकारकडून फुकट मिळतो.

येत्या मंगळवारी मी भुईगावला जातो आहे. तिथे एक आजोबा आहेत, त्यांनी लहानपणी स्वतः रहाट हाकला आहे. ते सकाळी दहाच्या आतच नीट बोलतात, असं त्यांच्या सुनेने कळवलंय, म्हणून पहिल्या बसने निघेन. तुम्ही आजीच्या बहिणीचं पहिलं एक पान उतरवलंत की मला धाडा, तिच्याच शब्दांत, काही न सुधारता.